कार्डामागचा हात

बँकेचा निरोप बाहुबली मगदूम यांच्या नावाने आला, पण वाचला शोभाबाईंनी. मगदुमांच्या घरातले सगळे निरोप गेली दोन वर्षं त्याच वाचत होत्या. खात्याचा खर्चठसा मर्यादेबाहेर गेल्यामुळे खाते आजपासून ‘सोबत’ योजनेखाली घेण्यात येत आहे. यापुढे लहान-मोठे सर्व व्यवहार आणि मालमत्तेचे दस्त सोबत्याच्या संमतीशिवाय होणार नाहीत. अधिक माहितीसाठी शाखेत यावे. शेवटी हात जोडलेलं चित्र होतं.

बाहुबली टेबलाच्या पलीकडे बसून भडंगातले शेंगदाणे वेचून खात होते.

“काय म्हणतीय बँक?”

“काही नाही. केवायसी.”

“झालं का परत? माझा चेहरा बदललाय असं वाटतं काय त्यांना?”

शोभाबाई हसल्या नाहीत. शुक्रवारी सांगलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्राची वेळ ठरली होती. मार्केट यार्डातला हळदीचा गाळा बाहुबली आपल्या मुलीच्या, पद्मश्रीच्या नावावर करून देणार होते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर पद्मश्रीने चटणी-मसाल्याचा धंदा सुरू केला होता. मिरज रस्त्यावर भाड्याची शेड, त्यात कांडपाची दोन यंत्रं आणि हाताखाली तीन बायका. शेडच्या मालकाने महिनाअखेर जागा खाली करायला सांगितली होती. गाळा मिळाला तर यंत्रं तिथे जाणार, नाहीतर भंगारात. आणि सोबत्याच्या संमतीशिवाय दस्त होणार नाहीत, असं निरोपात स्पष्ट लिहिलं होतं.

खर्चठशाचा शोध स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी लावला. माणूस बोलताना शब्द विसरायला लागतो, त्याच्या पाच-सहा वर्षं आधी त्याची खरेदी बिघडते, असं त्यांच्या लक्षात आलं. बोलणं अंगवळणी पडलेलं असतं. अडलं तर माणूस हसून वेळ मारून नेतो. खरेदीत तसं जमत नाही. घरात काय आहे, काय संपलंय, काल काय आणलं, भाव केवढा होता, कार्डाचा गुप्त आकडा कोणता, एवढं सगळं मेंदूला एका दमात जुळवावं लागतं. मेंदूतला एखादा धागा उसवला की तो आधी तिथे दिसतो. तीच वस्तू परत घेणं, भरलेलं बिल पुन्हा भरणं, आकडा दाबताना किंचित थांबणं. एकेक चूक कुणाच्याही हातून होते. पण वर्षभराचे हजारो व्यवहार शेजारी शेजारी ठेवले की चालीवरून माणूस ओळखावा तसा रोग ओळखता येतो, आणि कार्डाच्या यंत्रात हे सगळं आधीपासूनच नोंदलं जात होतं. डॉक्टर खूश झाले, कारण औषध लवकर सुरू केलं तर गुण येत होता. बँका खूश झाल्या, कारण म्हाताऱ्यांना फसवून दस्त करून घेणाऱ्यांना चाप बसणार होता. सरकारने कायदा केला. यातलं काहीच वाईट हेतूने झालं नव्हतं, त्यामुळे कुणाला विरोध करावा तेही कळत नव्हतं.

रोकड बंद झाली नव्हती. लोकांनी ती घ्यायची सोडली होती. बँकेत रोखीची एक खिडकी बुधवारी सकाळी उघडायची आणि पैसे काढायला शुल्क पडायचं. बस्तीबाहेरचा, म्हणजे जैन मंदिराबाहेरचा फुलवाला, यार्डातला चहावाला आणि कोपऱ्यावरचा जुना किराणावाला एवढेच काय ते अजून नोटा घेत. नोटेला ठसा नसतो, हे मात्र शोभाबाईंनी बरोबर हेरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाहुबलींनी पद्मश्रीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. दोनदा. त्याच आठवड्यात शोभाबाईंनी खर्चठशाविषयीचा लेख वाचला होता. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई त्या. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या आणि उत्तर काढलं. त्यांनी नवऱ्याचं कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं. घरखर्च सगळा त्या कार्डावर त्या स्वतः करू लागल्या आणि यजमानांच्या खिशात दर बुधवारी रोख ठेवू लागल्या. त्यांनी चहा प्यावा, फुलं घ्यावीत, काय विसरायचं ते नोटांवर विसरावं. कार्डावर उमटेल तो शाबूत हाताचा ठसा.

“मला पोरासारखा खाऊला पैसे द्यायलीस,” बाहुबली पहिल्यांदा म्हणाले होते.

“मग पोरासारखं वागू नका.”

पुढे त्यांची खात्रीच पटत गेली. फडताळात तूरडाळीची पाकिटं वाढू लागली. एक फोडायच्या आत दुसरं. “परत डाळ?” त्या विचारायच्या. “असू दे की, नासतीय काय?” बाहुबली म्हणायचे. शोभाबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. आपण नवऱ्याला झाकून धरलंय याचा त्यांना एक प्रकारचा अभिमानच होता. म्हणूनच हा निरोप वाचून त्या चक्रावल्या. ठसा त्यांचा होता. तो बिघडेल कसा?

शाखेतल्या अधिकारी बिराजदार मॅडम तरुण होत्या आणि नम्र होत्या. त्यांनी दोघांना पाणी दिलं, मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

“काका, घाबरायचं नाही. हा काही आजाराचा दाखला नाही, नुसती सूचना आहे. हे बघा. सोमवारी तूरडाळ, मंगळवारी तूरडाळ, शुक्रवारी परत. तीन वेगवेगळी दुकानं. इथे रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी, आणि त्याच गोळ्या दुपारी. वीजबिल दोनदा. रिक्षाचे पैसे उतरताना दिलेत आणि घरी पोहोचल्यावर त्याच रिक्षावाल्याला परत पाठवलेत.”

“बरा माणूस होता, परत केले असतील,” बाहुबली म्हणाले.

“नाही केले, काका.” मॅडम ओशाळं हसल्या. “आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आकडा दाबताना चौथ्या अंकापाशी थांबणं. दोन वर्षांपूर्वी नव्हतं. हळूहळू वाढत गेलंय.”

शोभाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. औषधाचं दुकान कोणतं ते त्यांना माहीत होतं. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला होता, “बाई, सकाळीच नेल्या की.” त्यांना तो आगाऊपणा वाटला होता आणि त्यांनी त्याला झापलं होतं. रिक्षावाला आठवला नाही. तूरडाळ आठवली नाही. आठवली ती फक्त फडताळातली, जी नवरा आणत होता. मनातल्या मनात त्यांनी कार्डाचा आकडा म्हणून बघितला. तीन अंक आले.

“यावर उपाय?” त्यांनी विचारलं. आवाज वर्गातला निघाला, एवढं एक बरं झालं.

“इस्पितळात तपासणी करून घेता येते, पण नंबर लागायला तीनेक महिने जातात. तोवर सोबती नेमावा लागेल. दस्त तुमच्या मुलीच्या नावे होणार, म्हणजे त्या लाभार्थी. त्यांना सोबती होता येणार नाही, आणि नियमाने जोडीदारालाही नाही. मुलगा आहे ना तुम्हाला?”

“शीतल. पुण्यात असतो.”

“मग त्यांची संमती लागेल.”

शीतलची संमती मिळणार नव्हती. गाळा विकून ते पैसे आई-वडिलांच्या म्हातारपणासाठी गुंतवावेत असं तो गेली तीन वर्षं सांगत होता. पोरगा लबाड नव्हता. त्याला ते खरंच शहाणपणाचं वाटत होतं.

बँकेतून बाहेर पडल्यावर बाहुबलींनी रिक्षा घराकडे न नेता यार्डात नेली. गाळ्याचं शटर त्यांनी अर्धं वर केलं आणि दोघं वाकून आत गेले. सौदे आता पडद्यावर होत आणि गाळा रिकामा पडून होता, पण फरशीच्या फटीत हळद अजून पिवळी होती. एका पालथ्या खोक्यावर शोभाबाईंना बसवून बाहुबली समोर उभे राहिले.

“तुम्हाला कळलं ना?” शोभाबाई म्हणाल्या.

“आज नाही कळलं.”

“मग?”

“तू डाळीवरून मला बोलायला लागलीस तेव्हाच कळलं. मी डाळ आणतच नव्हतो की.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? मला सांभाळायचं म्हणून तू उभी होतीस. मी नीट आहे म्हटलं असतं तर तू कशाला धरून उभी राहिली असतीस?” त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. “जन्म गेला माझा इथं. भाव ठरवायला रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरली की तोंडानं तो कायबी बोलू दे, घाबरलाय का नाही ते मला कळायचं. तुझा हात धरून मी रोज रस्ता ओलांडतो, शोभा.”

“बहिणीच्या नावाने हाक मारलीत ती?”

“पद्मी दिसतेच तिच्यासारखी. तोंडात आलं.”

म्हणजे गणित पहिल्या पायरीलाच चुकलं होतं. हुशार संशोधकांनी कार्ड ज्याचं त्याचाच हात असं धरलं होतं. आपल्याकडे एका कार्डावर अख्खं घर चालतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि शोभाबाईंनी नेमक्या त्याच चुकीचा फायदा घ्यायला जाऊन नवऱ्याच्या निरोगी नावावर आपला रोग लिहून ठेवला होता. कार्ड बाहुबलींच्याच खिशात राहू दिलं असतं, तर शुक्रवारी दस्त झाला असता.

“उद्या जाऊन खरं सांगू,” त्या म्हणाल्या. “ठसा माझा आहे म्हणून लिहून देते. तुमचं खातं मोकळं होईल.”

“आणि तुझं?”

“मला सोबत लागेल. लागू दे.”

“शीतलच्या फोनवर येणार. आईने कोथिंबीर घेतली, मंजूर का नामंजूर. मीटिंगमध्ये असला तर तू भाजीवाल्यासमोर उभी. तुझेच विद्यार्थी भाजी घ्यायला आलेले असणार मागं.”

“पद्मीचं काय होईल त्याच्यापेक्षा हे बरं.”

“गाळा काय, दगडमाती आहे.”

“तुमच्यासाठी दगडमाती. तिची यंत्रं रस्त्यावर येतील.”

शटर खाली ओढताना बाहुबलींनी एवढंच विचारलं, “उद्या किती वाजता म्हणालीस?” शोभाबाईंनी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई इस्त्रीची साडी नेसून, बाहुबलींना शेजारी घेऊन बिराजदार मॅडमच्या समोर बसल्या आणि त्यांनी एकही शब्द इकडचा तिकडे न करता सगळं सांगितलं. कार्ड कधी घेतलं, का घेतलं, डाळ कुणी आणली, गोळ्या कुणी घेतल्या. मॅडम ऐकताना दोनदा लिहायच्या थांबल्या.

“म्हणजे हा ठसा तुमचा आहे?”

“होय.”

“मावशी, तुम्हाला कळतंय ना, मग सोबत तुम्हाला लागेल?”

“कळतंय. अजून कळतंय तोवर लिहून घ्या.”

मॅडमनी मान खाली घातली. “खातेदारांनी हे मान्य केलं तर मी आजच ठसा तुमच्या नावावर वळवू शकते. काका, खरंय का हे?”

“नाही ओ,” बाहुबली म्हणाले.

शोभाबाईंनी वळून पाहिलं. बाहुबली मॅडमकडे बघून हसत होते, सौद्याच्या वेळी हसायचे तसं, डोळे बारीक करून.

“कार्ड माझ्याजवळच असतं,” म्हणत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सकाळी शोभाबाईंनी पर्स तपासली नव्हती. “मला वाचवायला बघतीय ती. मास्तरीण आहे, कमी मार्क पडलेलं सोसत नाही तिला.”

“अहो, काय बोलताय?”

“खरं ते. डाळ मीच आणतो. आवडते मला.”

मॅडम एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबलावरचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. “काका, एकदा आकडा दाबून दाखवता? तेवढ्यानेही कळेल. हाताची लय सहसा बदलत नाही.”

बाहुबलींनी बोट पुढे केलं. पहिले तीन अंक सरळ दाबले. चौथ्यापाशी बोट थांबलं. ते छताकडे बघत राहिले, ओठ हलवले, चुकीच्या अंकावर बोट नेऊन मागे घेतलं आणि मग योग्य अंक दाबला. भाजीवाल्यासमोर, औषधाच्या दुकानात, शोभाबाई थांबत तेवढंच थांबले. दोन वर्षं शेजारी उभं राहून त्यांनी ते पाठ केलं होतं.

पडद्यावर हिरवी खूण आली. ठसा जुळला होता.

“मावशी,” मॅडम हळूच म्हणाल्या, “तुमची भावना कळते मला.”

यंत्राला फसवायचं कसं, ते शोभाबाईंपेक्षा बाहुबलींना चांगलं जमलं. शोभाबाईंनी पुढे पुष्कळ सांगायचा प्रयत्न केला, किराणावाल्याला बोलवा म्हणाल्या, औषधाच्या दुकानातल्या मुलाला विचारा म्हणाल्या. त्या जितकं बोलत होत्या तितकं समोरच्या तरुण बाईच्या चेहऱ्यावर नवऱ्याला जीव लावणाऱ्या म्हाताऱ्या बायकोबद्दलचं कौतुक दाटत होतं.

रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या. “पद्मीला विचारलंत का तुम्ही?”

“विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती,” बाहुबली म्हणाले.

शुक्रवारी दस्त झाला नाही. शीतलचा फोन आला. तो शांतपणे बोलला, काळजीने बोलला. अण्णांची तब्येत अशी असताना घेतलेला निर्णय पुढे कुणीही कोर्टात पाडेल, ताईलाच त्रास होईल; त्यापेक्षा गाळ्याला एका शीतगृहवाल्यांची चांगली किंमत येतेय, ती घेऊ; ताईला मी दरमहा पाठवत जाईन, तिच्यासाठी वेगळं कार्ड काढतो. शोभाबाईंनी त्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, “आई, अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलंय, तू असं म्हणशील म्हणून.”

शीतलने काढलेल्या कार्डावर फक्त किराणा आणि औषधं घेता येत होती. पद्मश्रीने ते पाकिटातून बाहेरही काढलं नाही. शेड गेली. यंत्रं तिने दुसऱ्या एका मसालेवाल्याला विकली आणि त्याच्याच कारखान्यात पाकिटं भरायच्या खात्यात कामाला लागली. आपल्याच यंत्रांचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. तिच्या हाताखालच्या तीन बायकांपैकी एकीला तिथे काम मिळालं, दोघींना नाही.

घरात सगळं उलटं झालं. बाहुबलींच्या खात्यातून शीतलच्या मंजुरीने ठरावीक रक्कम निघे. बाहुबली बुधवारी खिडकीशी रांग लावून ती रोख आणत आणि शोभाबाईंच्या पर्समध्ये ठेवत. स्वतःचं कार्ड शोभाबाईंनी वापरायचं नाही, असं त्यांच्यात न बोलता ठरलं होतं. ज्या खात्यावर व्यवहारच नाही त्याचा ठसा कसला? बँकेच्या लेखी त्या ठणठणीत होत्या. ठशावरूनच डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध चालू होतं ते बाहुबलींचं. ते गोळ्या मुकाट घेत आणि तोंड कडू होतं म्हणून गूळ मागत. ज्या मेंदूला त्या गोळ्यांची गरज होती, त्याला त्या मिळत नव्हत्या. बाहुबलींनी आपल्या गोळ्यांतल्या अर्ध्या शोभाबाईंना देऊन पाहिल्या, पण त्यांनी त्या हातात घेऊन विचारलं, “या तुमच्या ना?” आणि परत डबीत टाकल्या.

एका रविवारी पद्मश्री अकराच्या सुमारास आली. हाताची बोटं मिरचीने लाल झाली होती. तिने न विचारता ओट्यावरची भांडी घासायला घेतली. बाहुबली बस्तीत गेले होते. शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांचं धैर्य होत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की आज सांगायचंच. पोरीला निदान खरं तरी कळू दे.

“पद्मी, तुला एक सांगायचंय. रागावलीस तरी चालेल. अण्णांचं काही बिघडलेलं नाही. ते कार्ड मी वापरत होते. गाळा माझ्यामुळे गेला.”

पद्मश्री वळली नाही. “माहितीय, आई.”

“अण्णांनी सांगितलं?”

“तूच सांगितलंस. मागच्या रविवारी. त्याच्या आधीच्या रविवारीही.”

“मग तू काय म्हणालीस?”

“पहिल्यांदा लई बोलले. तुम्ही दोघांनी एकमेकांना जपलं, आणि भरलं मी, असं म्हटलं. तू रडलीस.”

“आणि मागच्या रविवारी?”

“तेच म्हटलं. तशीच रडलीस. पहिल्यांदा ऐकल्यासारखी.”

“आणि आज?”

पद्मश्रीने कढई धुऊन पालथी घातली, पदराला हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

“आज मला दुपारपाळी आहे,” ती म्हणाली.